मुकादमाचं पाणी

नळीतलं पाणी हिरवं.

हिंदमाताच्या दुकानात सेल्समन साडी उलगडत म्हणाला होता, "हा कलर घ्या ताई, पिस्ता. तुमच्यावर उठून दिसेल." तिने घेतली नव्हती.

अर्ध्या राहिलेल्या दोन बोटांत धरलेला चिमटा. चिमट्यात वळवळणारं गांडूळ.

मिक्सरच्या बटणावर कुंकवाचा ठिपका. अजून पुसलेला नाही.

"मम्मी, फोटो पाठव ना. समोरून. कल्ले दिसतील असा."

खिडकीच्या ग्रिलला पायमोजे, पंचा, आणि मधे काळं, भोकाभोकांचं, विटेएवढं काहीतरी. उन्हात खडखडीत.

पिवळं असायला हवं होतं.

दर्शनाने पाणी तपासायची काचेची नळी खिडकीशी नेली. ऑक्टोबरचं ऊन लालबागच्या त्या उंच इमारतीत सकाळपासूनच घुसतं, आणि त्या उन्हात कुठलाही रंग जरा पिवळाच दिसायचा, पण हा हिरवाच राहिला. थेंबांची बाटली जुनी झाली असेल. नळी नीट विसळली गेली नसेल. तिने नळी पुन्हा धुतली, टाकीतलं पाणी पुन्हा भरलं, एका बाटलीतले थेंब, मग दुसऱ्या बाटलीतले, बूच लावून हलवलं, आणि नळी टेबलावर उभी करून तिच्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. बघत बसलं तर रंग बिघडतो असं काही नसतं. तरीही. मागे टाकीतला हवेचा पंप गुरगुरत होता, बाबा आपल्या खुर्चीत पेपर हातात घेऊन पेपराच्या वरून टाकीकडे बघत होते, खालच्या रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. टाकीतलं पाणी इतकं नितळ दिसत होतं की पलीकडच्या भिंतीवरची कॅलेंडरची तारीख त्यातून वाचता येत होती. म्हणजे सगळं ठीक असणार. पण श्रेयाने बंगळूरला जाताना हेच तर दहा वेळा घोकून घेतलं होतं तिच्याकडून. मम्मी, पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि पाणी चांगलं असणं वेगळं. तो शी करतो, शू करतो, त्याचा अमोनिया होतो, तो दिसत नाही, एवढ्या पाण्यात त्याचा वास येत नाही, आणि तोच त्याला आतून जाळतो. पाणी गाळायच्या स्पंजमध्ये जो चिकट तपकिरी थर बसतो ना, त्यात जिवाणू असतात, ते हा अमोनिया खातात. तो थर म्हणजे ह्या टाकीचं लिव्हर समज. पिवळं म्हणजे लिव्हर चालू. दर्शना वळली. हिरवं.

तो तळाशी होता, मातीच्या आडव्या मडक्याच्या तोंडाशी. ॲक्सोलॉटल. हा शब्द दर्शनाला अजून एका दमात म्हणता येत नाही. वीतभर लांब, फिकट गुलाबी, पालीसारखे चार पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले आणि कायम हसल्यासारखं तोंड. श्रेयाने कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तो आणला तेव्हा आई अजून होती. आईने पदर तोंडाला लावून विचारलं होतं, "ह्या काय गो? पाल?" आणि बाबांनी चष्मा लावून, टाकीजवळ स्टूल ओढून, बराच वेळ निरखून निकाल दिला होता, "पाल नाय. मुकादम." काम करणाऱ्यांच्या मधोमध पसरून पडायचं, काही करायचं नाही, सगळ्यांकडे बघून हसायचं आणि खायच्या वेळेला मात्र सगळ्यांत पुढे. मिलमधला मुकादम अगदी असाच होता म्हणे, फक्त त्याला मिशा होत्या. श्रेयाने ठेवलेलं इंग्रजी नाव त्या दिवशी मागे पडलं. मग श्रेयाने सांगितलं की ह्याचा पाय तुटला तर पाय परत येतो, शेपटी तुटली तर शेपटी. बाबांनी आपला उजवा हात काचेला लावला. त्या हाताची दोन बोटं कार्डिंग खात्यातल्या मशीनने अर्ध्यावर नेली होती, दर्शनाच्या जन्माआधी. "बघ रे मुकादमा," ते म्हणाले, "हय कामाक होतंस तर काय बिघडला असता? दर महिन्याक नुकसानभरपाई घेतलं असतंस." आई हसता हसता खोकली होती. तो खोकला. त्याच खोकल्याने पुढे.

नाही, तिकडे नको.

पण बाबांच्या बाबतीत बोलायचं तर तिकडे गेल्याशिवाय भागतच नाही. आई गेली ती सकाळी, बाबा दूध आणायला खाली गेले होते तेव्हा. रोजच जायचे. लिफ्ट बंद होती म्हणून थोडा वेळ लागला, खाली कुणी भेटलं म्हणून थोडा. वर आले तर दर्शना आईचे तळवे चोळत होती. त्यानंतर बाबा बऱ्याच गोष्टी विसरू लागले. चहा प्यायलो की नाही, आज वार कुठला, दाढी केली की करायची आहे, श्रेया बंगळूरला गेली की यायची आहे. सगळं चाळणीतून जावं तसं जायचं. फक्त ते दूध राहिलं. रोज, एखादं मूल शाळेतला धडा म्हणून दाखवतं तसं, ते कधीतरी खुर्चीतून म्हणायचे, "मिया दुधाक गेलंय आणि ती गेली. एक दिवस दूध नसता तर काय झाला असता?" सांगून उपयोग नव्हता. कितीदा समजावलं तरी समजावणं गळून जायचं, दूध राहायचं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, त्यांना कशात तरी गुंतवा. गुंतवा म्हणजे काय? दर्शना सकाळी फोर्टात ऑफिसला जायची ती संध्याकाळी यायची. नवऱ्याचं घर सोडून लहान श्रेयाला घेऊन ती ह्या घरात परत आली तेव्हा ह्याच माणसाने तिला कामाला लावलं होतं, फॉर्म आणून दिले होते, श्रेयाला शाळेतून आणलं होतं. आता त्यांना कशात गुंतवायचं हे तिला कळत नव्हतं. ते मुकादमासमोर बसायचे. मुकादम त्यांच्यासमोर. दोघं एकमेकांना काही विचारत नसत.

आणि खंडेनवमीला ते उठले.

कुणी न सांगता. दर्शना संध्याकाळी घरी आली तेव्हा दारातच तिला झेंडूचा वास आला. बाबांनी दाढी केली होती, स्वच्छ सदरा घातला होता. मिक्सर, इस्त्री, आईचं शिलाई मशीन, श्रेयाची जुनी सायकल, पाना-पक्कड, गॅसचा लायटर, अगदी दर्शनाच्या घरच्या लॅपटॉपचा माउससुद्धा पुसूनबिसून हळदकुंकू लावून ओळीने मांडलं होतं, प्रत्येकावर एकेक फूल, पुढे नारळाची वाटी आणि साखर. मिलमध्ये खंडेनवमीला मशीन बंद करून धुवायचे, पुसायचे, तेल द्यायचे, रंगीत कागदाच्या झालरी लावायचे, बायकापोरं खातं बघायला यायची. लहानपणी ह्या घरातही, म्हणजे ही इमारत व्हायच्या आधीच्या चाळीतल्या खोलीत, बाबा स्टोव्हची पूजा करायचे. आई गेल्यापासून ते बंद पडलं होतं. दर्शना दारातच बॅग घेऊन उभी राहिली. बाबा तिचा हात धरून तिला टाकीकडे नेत होते. हवेच्या पंपाला हळदकुंकू होतं. टाकीच्या झाकणावर फूल. "आणि ह्या बघ," ते म्हणाले, आणि पाण्यात बुडवलेल्या काळ्या स्पंजाकडे अर्ध्या बोटाने दाखवलं. "कितको मळ होतो गो तेच्यात! नळाखाली पिळलंय, पिळलंय, तरी काळा पाणी येय. मगे उन्हात टाकलंय. साबण लावूक नाय हां. श्रेयान सांगितला हा, साबण लावचो नाय. येवढी अक्कल आसा माका." आणि त्यांनी वाट बघितली. तिने काय म्हणावं याची त्यांनी वाट बघितली.

"मस्त झालंय बाबा," ती म्हणाली होती. म्हणतानाच कुठेतरी काहीतरी टोचलं, पण नक्की काय ते आठवेना, आणि मग दसरा, सोनं वाटायला आलेले शेजारी, श्रीखंड.

(नळाचं पाणी म्हणजे क्लोरीन. ऊन म्हणजे ऊन. एखाद्याने वर्षभर राखलेली माणसांची वस्ती एका दुपारी उकळत्या पाण्याने धुवावी. आणि मग तिला फूल वाहावं.)

आता टेबलावर हिरवी नळी, आणि तिला सगळं एकदम आठवलं. ती बाबांकडे बघत राहिली. बाबांनी पेपर खाली केला. "काय गो? हिरवा कसला ता?"

"काही नाही. औषध आहे त्याचं."

"बरा नाय काय तेका?"

"थोडं."

बाबा उठून काचेशी गेले, खाली वाकले. "दोन दिस खाणा नाय तो," ते म्हणाले. "मिया म्हटलंय उपास असात नवरात्राचो. पण नवरात्र सरला तरी सोडूक नाय." ते आपल्याच विनोदावर हसले नाहीत.

ह्याच्यावर उपाय नव्हता असं नाही, आणि हेच वाईट होतं. उपाय असतो तेव्हा माणसाला शांतपणे बसता येत नाही. रोज थोडं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं, नवं म्हणजे आदल्या दिवशी बादलीत भरून, क्लोरीन मारायचे थेंब टाकून ठेवलेलं. ते गार हवं, कारण मुकादमाला मुंबई सोसत नाही, त्याला डोंगरातल्या तळ्यासारखं पाणी लागतं, म्हणून फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या टाकीत तरंगत ठेवायच्या. असं करत राहायचं, स्पंजला हात लावायचा नाही, म्हणजे हळूहळू तो तपकिरी थर पुन्हा धरतो. हे सगळं ती करू लागली. मटारची पिशवी काढून टाकून फ्रीजरमध्ये बाटल्या रचल्या. बाथरूममध्ये बादल्यांची रांग. ऑफिसला जायच्या आधी ती रबरी नळीने पाणी काढायची, साडीचा पदर खोचून, आणि बाबा बाजूला उभे राहून सूचना द्यायचे. आणि निघताना ती सांगायची, "बाबा, तो स्पंज तेवढा धुऊ नका हां."

"कित्याक?"

"थोडा मळका असलेलाच बरा असतो त्याला."

"मळको बरो?" बाबा हसायचे. "मगे तुझ्या आयशीन माका जन्मभर कित्याक बोलल्यान?" पण मान डोलवायचे. बरं. नाही धुवत.

संध्याकाळी स्पंज ग्रिलवर असायचा.

ते खोटं बोलत नव्हते. सकाळचं बोलणं दुपारपर्यंत त्यांच्यात उरतच नसे, उरायचा तो हात. त्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती. कार्डिंग खात्यात कापसाचे तंतू हवेत तरंगायचे, मशीनच्या पोटात साचायचे आणि एक दिवस तिथेच ठिणगी पडायची. बाबांच्या शेजारचा माणूस असाच भाजला होता, बाबा त्याचं नाव अजून आदराने घेतात. मळ रवलो की मशीन मरता. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते बोटांच्या अर्ध्या पेरांत होतं. मुकादम आजारी आहे, स्पंजात मळ आहे, मग स्पंज धुवायचा, ह्याहून सरळ काय असतं? दर्शनाने काचेवर कागद चिकटवला, मोठ्या अक्षरांत, स्पंज धुवू नये. बाबांनी तो काळजीपूर्वक सोडवून, पाण्याने लगदा होऊ नये म्हणून, देवाजवळ ठेवला. आणि काच पुसली.

एकच वाक्य त्यांच्यात राहिलं असतं, हे तिला माहीत होतं. स्पंज धुऊ नका हे नाही. तुम्ही धुतलात म्हणून तो मरतोय, हे. हे मात्र राहिलं असतं. दुधाच्या शेजारी जाऊन बसलं असतं, आणि मग रोज सकाळी, खुर्चीतून, मिया दुधाक गेलंय आणि ती गेली, मिया स्पंज धुतलंय आणि तो. ती वाक्य सुरू करायची. बाबा, तुम्ही. बाबा, त्या दिवशी तुम्ही. बाबा. ते मान वर करून बघायचे, दाढी केलेलं, उजळ तोंड. खंडेनवमीपासून ते रोज दाढी करत होते. त्यांच्याकडे काम आलं होतं.

मुकादमाचे कल्ले पुढे वळले. आधी पिसांसारखे फुललेले असायचे, आता ओल्या दोऱ्यासारखे दिसू लागले, आणि टोकं झडली. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं. श्रेया व्हिडिओवर यायची तेव्हा दर्शना फोन मुद्दाम लांब धरायची. "मम्मी, जवळ ने ना. मम्मी, पाणी चेक केलंस?" केलंय गं. "कितीय?" आणि मागून बाबा जोरात, "काय एक काळजी करू नको बाय, मी आसंय! रोज साफसफाई आसा!" श्रेया हसायची. "माझे आजोबा बेस्ट!" तिला मेसेज करून खरं सांगता आलं असतं. दर्शनाने दोनदा लिहिला आणि दोनदा पुसला. श्रेयाचा चेहरा तिला माहीत होता, त्या चेहऱ्यावर काही लपत नाही. ती आजोबांना ओरडली नसती, फक्त गप्प झाली असती, आणि बाबांना गप्प बसणं बरोबर कळतं.

गिरगावात, फोर्टातून घरी येताना वाटेवर, एका गल्लीत माशांचं जुनं दुकान आहे. मालक मनमोहन, सत्तरीचे, गोरे, इस्त्रीचा शर्ट, गल्ल्यामागच्या भिंतीवर वडिलांचा टोपीतला फोटो. बोलणं असं की माशालासुद्धा अहोजाहो करतील. दर्शनाने सगळं सांगितलं. सांगताना बाबांच्या जागी "घरातल्या कुणीतरी" म्हटलं.

"घरातल्या कुणीतरीच धुतात नेहमी," मनमोहन म्हणाले. "बाहेरचा माणूस कशाला येईल तुमचा स्पंज धुवायला? आमच्या मिसेसनी एकदा आमची टाकी लिंबू लावून घासली होती. लग्नाचा वाढदिवस होता."

"मग?"

"मग काय. मासे गेले. मिसेस आहेत." ते हसले, मग तिचं तोंड बघून थांबले. "बाटलीतले जिवाणू मिळतात, देऊ शकतो, पण खरं सांगू का, झाला तर उपयोग होईल. त्यापेक्षा थांबा." आत जाऊन त्यांनी एका जुन्या टाकीतला स्पंज काढला, शेवाळलेला, तपकिरी, ओघळणारा, आणि टाकीतल्याच पाण्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिच्या हातात दिला. "हा आमचा चालता संसार आहे. तुमच्या स्पंजाशेजारी ठेवा. ह्याला मात्र देवासारखं जपा. धुवायचा नाही, पिळायचा नाही, वाळवायचा नाही."

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली. पिशवी तिने मांडीवर धरली होती, दोन्ही हातांनी, पाणी गार लागत होतं. शेजारच्या बाईने पिशवीकडे बघितलं आणि नाकाला पदर लावून जरा सरकली. दर्शनाला आठवलं, श्रेया झाली तेव्हा परळच्या हॉस्पिटलातून ती अशीच घरी आली होती, टॅक्सीत, दोन्ही हातांनी, आणि बाबा पुढच्या सीटवरून सारखे मागे वळून ड्रायव्हरला सांगत होते, हळू, हळू हाक बाबा. जिवंत घाण. मांडीवर जिवंत घाण घेऊन ती चालली होती आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं. घरी जाऊन तिने स्पंज मडक्याच्या मागे, कुणाला सहज दिसणार नाही असा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी किंचित कमी हिरवं होतं. तिसऱ्या दिवशी मुकादमाने बाबांच्या चिमट्यातलं गांडूळ घेतलं, तोंड उघडून एका झटक्यात, आणि बाबांनी टाळी वाजवली, तीन पूर्ण आणि दोन अर्ध्या बोटांची ती त्यांची चपटी टाळी.

त्या रविवारी ती भाजी घेऊन वर आली तेव्हा बाथरूममध्ये नळ चालू होता.

बाबा स्टुलावर बसले होते. बाह्या कोपरापर्यंत वर. हातात मनमोहनांचा स्पंज, आणि त्यातून वाहणारं पाणी आता पांढरं, अगदी पांढरं, फरशीवरून जाळीत जात होतं. "खंयसून इतको घाणेरडो स्पंज हाडलंस गो?" ते वळून म्हणाले. त्यांचा चेहरा खुललेला होता. "मडक्यामागे लपलो होतो. म्हणान तेका बरा वाटणा नाय होता. आता बघ." त्यांनी स्पंज शेवटचा पिळला, झटकला आणि उन्हाकडे धरला.

पिशवीतून एक टोमॅटो बाहेर पडला आणि दारापर्यंत घरंगळत गेला. दर्शना त्याच्याकडे बघत राहिली. आता बोलायचं होतं. आता नाही तर कधीच नाही. बाबा, तुम्ही. ते तिच्याकडे बघत होते, पाणी निथळणारे हात पुढे करून. तिला त्यांच्या हातांत आधी दुधाची पिशवी दिसली. मग स्पंज.

"बाबा, मी," ती म्हणाली.

"काय?"

"मी चूक केली." आवाज तिचाच होता, पण कुणीतरी दुसरं बोलतंय तशी ती ऐकत होती. "खंडेनवमीला मी स्पंज धुतला. नळाखाली. उन्हात वाळवला. धुवायचा नसतो तो, त्यातल्या मळावरच तो जगतो. मी धुतला म्हणून तो आजारी पडलाय. मी मारतेय त्याला, बाबा."

नळ चालू होता. बाबांनी हातातल्या स्पंजाकडे बघितलं, हा इथे कसा आला असा विचार करत, आणि तो बादलीच्या कडेवर ठेवला.

"तू धुतलंस?"

"हो."

"श्रेयान सांगितल्यान होता ना?"

"हो."

"मगे अक्कल खंय गेली तुझी?" ते उठले. इतक्या ताडकन ते कित्येक महिन्यांत उठले नव्हते. "मुको जीव तो! बोलूक येणा नाय तेका!" आणि मग, तिचा चेहरा बघून, अर्ध्या बोटांचा ओला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. "रडू नको. झाला ता झाला. पण आता तू हात लावू नको. मी बघतंय."

राहिलं. ते राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा प्यायलो की नाही हे बाबांना आठवत नव्हतं, पण ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तसे ते म्हणाले, "तू स्पंज धुतलंस गो." रागाने नव्हे, हळहळून. तिच्या अंदाजाप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं. स्पंजाला आता कुणीही हात लावणार नव्हतं. ग्रिलवर फक्त पायमोजे आणि पंचा होता. ती रबरी नळी आणि बादली घेऊन टाकीकडे गेली, आणि बाबांनी पाय आडवा घातला.

"काय करतंस?"

"पाणी बदलते."

"नको."

"बाबा, पाणी बदलायलाच पाहिजे. स्पंज तयार होईपर्यंत रोज बदलायला पाहिजे."

"तेव्हाय असाच काय तरी म्हटलं असशील. साफ करतंय म्हणान." त्यांनी खुर्ची ओढली, टाकीला पाठ लावून, तोंड तिच्याकडे करून बसले. मिल गेल्यावर कितीतरी वर्षं ते एका इमारतीत वॉचमन म्हणून लिफ्टच्या दारात असेच बसायचे. "एकदा केलंस ता पुरे झाला. जा तू तुझ्या कामाक."

तिने श्रेयाला फोन लावला. बाबांनी फोन आपल्याकडे मागून घेतला. बंगळूरच्या त्या छोट्या खोलीत श्रेया आपल्या मम्मीने काय केलं ते आजोबांकडून ऐकत होती आणि तिचा चेहरा दर्शनाला दिसत होता. काहीही लपत नव्हतं. "मम्मी," ती शेवटी म्हणाली, "मी तुला दहा वेळा सांगितलं होतं."

"हो गं."

"आणि इतके दिवस मला म्हणत होतीस, पाणी चेक केलंय."

"श्रेया, पाणी रोज बदलावं लागेल. आजोबांना सांग. मला हात लावू देत नाहीत."

"मग त्यांनाच करू दे ना, प्लीज. निदान ते तरी काळजीने करतायत."

बाबा आता दुपारी झोपत नाहीत. जेवतानाही ताट मांडीवर. मुकादम त्यांच्या पाठीमागे असतो, काचेला टेकून, त्यांच्या सदऱ्याच्या पांढऱ्या कापडाकडे तोंड करून, हसत. कल्ल्यांच्या जागी आता बोंडंच उरलीयत. बाबा बाथरूममध्ये जातात तेव्हा दर्शना ओट्याआड लपवलेला मग घेऊन धावते. झाकण सरकवते, एक मग पाणी काढते, एक मग गार पाणी ओतते, झाकण लावते. एवढंच होतं. तेवढ्यात फ्लशचा आवाज येतो. टाकी केवढी आणि मग केवढा. टेबलावर नळी असते, तिच्यातला हिरवा रंग आता निळ्याकडे झुकू लागलाय, आणि बाबा बाहेर येतात, हात पंच्याला पुसत, फरशीवर पडलेल्या थेंबांकडे बघतात, मग तिच्याकडे. आज ते तसेच आपल्या खुर्चीत बसले. मान वळवून, काचेवर अर्धी बोटं टेकवून, हळूच, तिला ऐकू जाऊ नये म्हणून, पण घर लहान आहे, त्याला म्हणाले, "तिका माफ कर रे. मुद्दाम नाय केल्यान."

खंडेनवमीच्या दिवशी दर्शना दिवसभर ऑफिसात होती.